प्रतिपालकत्व, बालसंगोपन आणि बालगृहांवरची सरकारी देखरेख: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न अंगणवाडी सेविका, पोलिस पाटील, मुख्याध्यापक आणि मुख्य म्हणजे नातवंडे-भाचरे सांभाळणारी माणसे विचारतात. उत्तरे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५, त्यातल्या २०२१ च्या दुरुस्त्या आणि राज्यात चालू असलेल्या योजनांवर आधारलेली आहेत.

मूल आजीकडे किंवा मामाकडे राहते. "सरकारदरबारी नोंद केली तर मूल उचलून नेतील" असे लोक म्हणतात. खरे आहे का?

नाही. मुलाने शक्यतो आपल्या माणसांत वाढावे आणि बालगृहासारखी संस्था हा अगदी शेवटचा उपाय असावा, हे या कायद्याचे मूळ तत्त्वच आहे. आजी नीट सांभाळत असेल तर बालकल्याण समिती मूल तिच्याकडेच ठेवते आणि मदतीचा आदेश काढते. मारहाण, उपासमार, लैंगिक अत्याचार, मजुरीला जुंपणे, बालविवाहाची तयारी असे काही दिसले तरच मूल हलवण्याचा विचार होतो.

या भीतीपायी होणारे नुकसान मात्र खरे आहे. बाप वारला, आईचे दुसरे लग्न झाले, मूल चार वर्षे आजीजवळ आहे आणि सांभाळ कोण करते याची एकाही कागदावर नोंद नाही, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. मदत तर बुडतेच, पण पुढे दहावी-बारावीला दाखले काढताना बापाचा एकही कागद हाती लागत नाही. म्हणून पहिली नोंद गावातच करा. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. तिचे अध्यक्ष सरपंच आणि सचिव अंगणवाडी सेविका. समितीच्या इतिवृत्तात मुलाचे नाव, वय, शाळा आणि सांभाळ कोण करते एवढे आले तरी पुढच्या अर्जाला आधार होतो.

बालसंगोपन, प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्व हे एकच का?

नाही. या घोळामुळे बरेच अर्ज चुकीच्या टेबलावर जातात.

बालसंगोपन ही राज्याची योजना. तिचे आताचे नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई-वडील दोघे नाहीत, एकच पालक आहे, पालक दुर्धर आजारी आहे किंवा तुरुंगात आहे, अशा मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. मूल आईजवळ असले तरी चालते. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीने घर ओढणाऱ्या शेतकरी बाईच्या मुलांना सहसा हीच योजना लागू पडते, आणि नेमके त्यांनाच ती "अनाथांसाठी आहे" असे सांगून परत पाठवले जाते. हे चूक आहे. एक पालक हयात असला तरी अर्ज घ्यावा लागतो.

प्रायोजकत्व हे केंद्राच्या मिशन वात्सल्य या योजनेतले. दरमहा ४,००० रुपये. याला उत्पन्नाची अट आहे: ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० रुपयांपर्यंत, इतरत्र ९६,००० रुपयांपर्यंत. एकाच मुलासाठी दोन्ही योजनांचे पैसे एकदम घेता येत नाहीत. कोणता लाभ लागू होतो ते आधी विचारून मगच अर्ज भरा.

प्रतिपालकत्व हा वेगळाच मामला आहे. ज्या मुलाला घर नाही, त्याला नात्याबाहेरचे, निवडलेले आणि तपासलेले कुटुंब बालकल्याण समितीच्या आदेशाने काही काळ सांभाळते. आजी, काका, मामा हे नातेवाईक, म्हणून ते या अर्थाने प्रतिपालक नव्हेत. त्यांच्यासाठी वरच्या दोन योजना आहेत.

अर्ज कुठे करायचा आणि कुठे अडतो?

जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात, म्हणजे तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात. संस्थाबाह्य काळजीचे (म्हणजे बालगृहात न ठेवता कुटुंबात वाढणाऱ्या मुलांचे) काम पाहणारे संरक्षण अधिकारी कोण, असे विचारा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. पोच नसेल तर पुढच्या खेपेला "अर्ज आलाच नाही" हे उत्तर ठरलेले.

कागद साधारण असे: मुलाचे व पालकाचे आधार, जन्माचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पालकाचा मृत्यू दाखला, बँक पासबुकाचे पहिले पान आणि घरासमोर मूल व पालक एकत्र उभे असलेला फोटो.

सगळ्यात जास्त अडते ते मृत्यू दाखल्यावर. मृत्यूची नोंद माणूस जिथे राहत होता तिथे होत नाही, तो जिथे वारला तिथे होते. गावचा माणूस नागपूरच्या किंवा यवतमाळच्या दवाखान्यात वारला असेल तर दाखला त्या शहरातून मिळेल. ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही. नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटले असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ते काम आज सुरू करा, अर्ज नंतर. बाप बेपत्ता असेल तर पोलीस ठाण्यातल्या हरवल्याच्या नोंदीची प्रत जोडा.

दुसरी अडचण नावाची. आधारवर "गजानन", शाळेत "गजू", जन्म दाखल्यावर नुसते "मुलगा". आधी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरशी आधार जुळवून घ्या.

मंजुरी मिळाली, पण पैसे जमा होत नाहीत. काय तपासायचे?

आधी बँकेत जा. थेट लाभ हस्तांतरणाचा पैसा पासबुकावरच्या खात्यातच येईल असे नाही. आधार ज्या खात्याला शेवटचे जोडले गेले, त्या खात्यात तो पडतो. आजीने मध्येच दुसऱ्या बँकेत खाते उघडले असेल तर रक्कम तिथे पडलेली असू शकते. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते, तेही पाहा.

बँकेत सगळे ठीक असेल तर मंजुरी आदेशाचा क्रमांक घेऊन बाल संरक्षण कक्षात विचारा. जिल्ह्याला निधी टप्प्याटप्प्याने येतो, त्यामुळे काही महिन्यांचे पैसे एकदम जमा होतात. उशीर झाला म्हणजे नाव कटलेच असे नाही. मात्र शाळा सुरू झाली की नवे बोनाफाईड नेऊन द्या, कारण मूल शिकत असल्याचा चालू वर्षाचा कागद नसला की नाव मागे पडते.

गावात किंवा एसटी स्टँडवर एकटे मूल सापडले तर?

१०९८ वर फोन करा. ही बाल मदतवाहिनी चोवीस तास चालते. ११२ वर केला तरी चालेल. मूल सापडल्यापासून २४ तासांच्या आत पोलीस, बाल संरक्षण कक्ष, १०९८, बालकल्याण समिती किंवा नोंदणीकृत संस्था यांपैकी कुणाला तरी कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. समितीसमोर हजर करण्यालाही २४ तासांचीच मुदत आहे, पण त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेहून अधिक. तेव्हा "वेळ निघून गेली, आता कसे जायचे" म्हणून कोणी थांबू नये.

समितीची बैठक नसेल तर एकट्या सदस्यासमोरही मूल नेता येते. तो सदस्य तात्पुरत्या निवाऱ्याचा आदेश देऊ शकतो.

"मूल गोड आहे, आम्हीच ठेवून घेतो" असे म्हणणारी माणसे बहुधा चांगल्या मनाचीच असतात. तरीही कळवल्याविना मूल ठेवून घेणे हा गुन्हा ठरू शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या मुलाची आई कदाचित पुढच्याच तालुक्यात त्याला शोधत असते.

बालकल्याण समिती म्हणजे कोण? ती काय ठरवते, आणि किती दिवसांत?

एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांत किमान एक महिला हवी. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि तिने महिन्यातून किमान २० दिवस बसायचे असते. मूल समोर आल्यावर समिती सामाजिक तपासणी करायला सांगते. ती १५ दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत व्हायला हवा. अंतिम आदेशाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर लागतात.

देखरेखीचा सगळा कणा या तारखांवर उभा आहे. नातेवाइकांनी समितीसमोर गेल्यावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: मूल पहिल्यांदा हजर झाल्याची तारीख, तपासणी कोणाकडे दिली, आणि पुढची तारीख. चार महिने उलटले तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी कळवा. समितीच्या कामाबद्दलची गाऱ्हाणी ऐकण्याचा अधिकार त्यांचा आहे, आणि प्रलंबित प्रकरणांचा आढावाही त्यांच्याकडेच असतो.

मूल कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणारे असेल तर दुभाषा मागा. मराठी नीट न येणारे मूल गप्प बसले की कागदावर "बालकाची तक्रार नाही" असे लिहून मोकळे होतात. ही चूक लहान दिसते, पण मूल पुढची दोन वर्षे कुठे काढणार हे त्या ओळीवर ठरू शकते.

गृहचौकशीला कोणी आले तर काय दाखवायचे?

जसे घर आहे तसे. तपासणारा माणूस गरिबी मोजायला येत नाही. मूल कुठे झोपते, शाळेत जाते का, घरात दारू पिऊन भांडणे होतात का, आजी आजारी पडली तर दुसरे कोण आहे, हे तो पाहतो. शेजाऱ्यांना आणि शिक्षकांनाही विचारतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरात आधी ठरवून ठेवा. सत्तरीच्या आजीच्या बाबतीत समितीला खरी काळजी तीच असते.

आम्हाला प्रतिपालक कुटुंब व्हायचे आहे. कोण होऊ शकते?

केंद्राच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विवाहित जोडपे (किमान दोन वर्षांचा स्थिर संसार) किंवा ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी सांभाळू शकते, एकट्या पुरुषाला मुलगी दिली जात नाही. मुले मुख्यतः सहा वर्षांवरची असतात, ज्यांना दत्तक घर मिळालेले नाही किंवा मिळणे अवघड आहे अशी.

अर्ज बाल संरक्षण कक्षात करायचा. मग घराची पाहणी, आरोग्य तपासणी, पोलीस पडताळणी, ओळखीच्या माणसांकडे चौकशी, मुलाशी गाठीभेटी आणि शेवटी समितीचा आदेश. आदेशाशिवाय मूल घरी आणायचे नाही. एक दिवससुद्धा नाही. भावंडे असतील तर त्यांना एकत्र ठेवावे असे कायदा सांगतो. खर्चासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे, पण पैशासाठी कोणी यात पडू नये. वाढत्या वयाच्या मुलाला तेवढे पुरतही नाहीत.

दोन वर्षे मूल घरात रुळले तर त्याला दत्तक घेण्यासाठी अर्ज करता येतो. ही मुदत पूर्वी पाच वर्षांची होती. मात्र ज्याचे आई-वडील हयात आहेत आणि घर सावरू शकते, ते मूल परत जाणार हे पहिल्या दिवसापासून मनाशी धरा. मुलालाही तसेच सांगा. "आता हेच तुझे आई-बाबा" म्हणून जुने घर विसरायला लावणे ही प्रतिपालकांकडून होणारी सगळ्यात मोठी चूक.

अशा घरावर लक्ष कोण ठेवते?

कायद्यानुसार समितीने प्रतिपालक कुटुंबाची दर महिन्याला तपासणी करायची आहे. मुलाची आबाळ दिसली तर मूल काढून दुसरीकडे ठेवता येते.

तपासणी नुसती सहीपुरती झाली की नीट झाली, हे गावालाही ओळखता येते. नीट तपासणीत मुलाशी एकट्याने बोलणे होते, आणि तेही ओसरीवर काकूच्या देखत नाही, शाळेत किंवा अंगणात लांब जाऊन. मुलाचे वजन मागच्या वेळेशी ताडून पाहतात. घरच्या मुलाचे आणि याचे अंथरूण, ताट, चपला शेजारी शेजारी ठेवून पाहतात. आणि आपल्या भागात एक गोष्ट आवर्जून तपासायला हवी: दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी लागते तेव्हाचा शाळेचा हजेरीपट. जून ते सप्टेंबर रोज हजर असलेले मूल नोव्हेंबरात आठवडेच्या आठवडे गैरहजर दिसले, तर ते कुठे होते हे वेगळे विचारायची गरज पडत नाही. बोटांच्या नखांशी बोंडांचे ओरखडे असतात.

बालगृहाची तपासणी कोण करते? त्यांनी काय पाहायला हवे?

आधी नोंदणी. मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला या कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती पाच वर्षांची असते. नोंदणीविना चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. "धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवला आहे" हे उत्तर पुरेसे नाही. ती नोंदणी वेगळी आणि ही वेगळी.

जिल्हा निरीक्षण समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते. पथकात किमान तिघे, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. अहवाल आठवड्याच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि त्यावर महिन्याभरात कार्यवाही व्हावी लागते. वैद्यकीय अधिकारी न येता झालेली भेट अपुरी आहे, आणि ती तशी नोंदवली पाहिजे.

नियमांतली मापे मोजता येतात, म्हणून ती मोजावीत: झोपण्याच्या खोलीत प्रत्येक मुलामागे ४० चौरस फूट, सात मुलांमागे किमान एक शौचालय, दहा मुलांमागे एक न्हाणीघर. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी आहे का, हे हात लावून पाहावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पाण्याची टाकी कुठे आहे आणि कूलर चालू आहे की नुसता ठेवला आहे, तेही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि मेळघाटातल्या मुलांच्या आरोग्य फायलीत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी हवीच, आणि मूल वाहक आहे की रुग्ण हे स्पष्ट लिहिलेले हवे. रुग्ण असलेल्या मुलाला ताप आणि अंगदुखी झाली की पॅरासिटामोल देऊन झोपवणे जिवावर बेतू शकते.

रजिस्टरे बोलतात. महिनाभराची हजेरी एकाच पेनाने, एकाच दाबाने भरलेली असेल तर ती एका बैठकीत भरलेली आहे. पटावर ४०, जेवायच्या ताटांची संख्या २८, तर बारा मुले कुठे आहेत, हा प्रश्न त्याच दिवशी विचारायचा. सूचना पेटी कार्यालयापासून लांब असावी, तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी आणि आठवड्यातून एकदा ती मुलांच्या समितीसमोर उघडावी, असा नियम आहे. किल्ली अधीक्षकांच्या टेबलाच्या खणात सापडली तर पेटी रिकामी असणार हे उघड आहे.

प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा मागा. सगळ्या आराखड्यांत एकच वाक्य उतरवलेले असेल, तर त्या मुलांना घरी परत नेण्याचा विचार कोणी केलेला नाही असे समजा.

आश्रमशाळा आणि वसतिगृहेही यातच येतात का?

नाही. शासकीय व अनुदानित आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, म्हणजे धारणी, पांढरकवडा, देवरी, अहेरी, भामरागड अशा प्रकल्प कार्यालयांकडे असतात. तिथल्या गैरसोयीची तक्रार प्रकल्प अधिकाऱ्यांकडे करा. पण मुलावर अत्याचार झाला असेल तर विभाग कोणताही असो, पोलीस, १०९८ आणि बालकल्याण समिती ही तिन्ही दारे उघडी आहेत. लैंगिक अत्याचार माहीत असून न कळवणे हा पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) स्वतंत्र गुन्हा आहे. मुख्याध्यापकालाही त्यातून सूट नाही.

तक्रार कशी करायची म्हणजे ती टिकते?

लेखी, तारखेनिशी, एका कागदावर एकच मुद्दा. "मुलांना त्रास होतो" असे लिहू नका. "अमुक तारखेला संध्याकाळी मुलाच्या डाव्या पायावर वळ दिसले, विचारले तर त्याने असे सांगितले" असे लिहा. मूल बोलले तेच शब्द ठेवा, प्रमाण मराठीत सुधारू नका. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, बालकल्याण समितीला आणि हवी तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाला. संस्थेतल्या माणसाने मुलाला क्रूरपणे वागवले तर पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

तपासणी झाली का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. शुल्क १० रुपये, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर. मुलांची नावे मागू नका, ती मिळणार नाहीत. मागच्या चार तिमाहींतल्या भेटींच्या तारखा, पथकातल्यांची पदे आणि कार्यवाहीचे पत्र मागा.

मुलाचा फोटो, नाव, गाव गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. दफ्तर वाटपाच्या फोटोतही नको. ओळख उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

समितीचा आदेश मान्य नसेल तर?

३० दिवसांत अपील. साधारण आदेशांवर ते बाल न्यायालयात होते, पण प्रतिपालकत्व, प्रायोजकत्व आणि अनुरक्षण (अठरा वर्षांनंतरची मदत) यांबाबतच्या निर्णयावर जिल्हाधिकाऱ्यांकडे. चुकीच्या ठिकाणी अपील केल्याने मुदत निघून जाते, हे वकिलांच्याही ध्यानात राहत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयातून मोफत मिळतो.

बाप वारल्यावर काका शेत विकायला निघाला आहे. मुलाचा हक्क?

वारस नोंद करताना अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलाचे नाव सातबाऱ्यावर "अ.पा.क." (अज्ञान पालक कर्ता) म्हणून पालकाच्या नावासह लागले पाहिजे. ते लागले का, हे तलाठ्याकडे फेरफार पाहून खात्री करा. हिंदू कायद्यानुसार अज्ञान मुलाचा हिस्सा आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि नुसता सांभाळ करणाऱ्या काकाला तर तो अधिकारच नाही. बालसंगोपनाचे पैसे ज्याच्या हाती येतात तो मुलाच्या जमिनीचा पालक होत नाही.

मूल १८ वर्षांचे झाले की काय?

संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला २१ वर्षांपर्यंत, आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत, अनुरक्षण सेवा मिळू शकते: राहणे, शिक्षण, कामाचे प्रशिक्षण, आर्थिक मदत. तयारी सतराव्या वर्षीच सुरू करा. अनाथांना राज्यात शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे, पण त्याला महिला व बाल विकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. त्यासाठी आई-वडिलांचे मृत्यू दाखले, समितीचे जुने आदेश आणि संस्थेतले राहिल्याचे पुरावे जोडावे लागतात, आणि मूल बाहेर पडल्यावर ते गोळा करणे फार जड जाते. निघण्याआधी संस्थेकडून प्रत्येक आदेशाची साक्षांकित प्रत, शाळा सोडल्याचा दाखला, आरोग्य फाइल आणि पासबुक सही करून घ्या. अठरा पूर्ण झाल्यावर बँकेत जाऊन अज्ञान खाते सज्ञान करून घ्या. ते केल्याशिवाय अठरानंतर त्यातून पैसे काढता येत नाहीत.